चिमणीचं घर मेणाचं

"भाऊ, मोटर गेलीय म्हणे. नवीन बसवायला किती पडतील तेवढं सांगा."

काकूंनी फोनवर रोगही सांगितला, औषधही ठरवलं. माझ्याकडून त्यांना फक्त दर हवा होता. चिमणी, गिझर, मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला असे फोन रोजचे. मी दर सांगून मोकळाही झालो असतो, पण पुढचं वाक्य कानात अडकलं. "आणि फिल्टरचं काही काढू नका हं. दर पंधरा दिवसांनी मी स्वतः घासते. आरशासारखे आहेत."

ज्या घरात फिल्टर आरशासारखे असतात, तिथली चिमणी सहसा तक्रार करत नाही. मी म्हटलं, दर नंतर सांगतो, आधी येऊन बघतो.

घर डोंबिवली पूर्वेला, चौथ्या मजल्यावर, वन बीएचके. काकू डबे देतात. रोज बावीस डबे, दोन्ही वेळा. पोळी-भाजी, वरण-भात, बुधवारी-शुक्रवारी काहीतरी तळलेलं. चार बर्नरच्या शेगडीवर नव्वद सेंटिमीटरची चिमणी, २०१९च्या दिवाळीत घेतलेली. स्वयंपाकघरात पाय टाकला आणि काकूंचं म्हणणं खरं निघालं: बॅफल फिल्टरची स्टीलची पाती लखलखत होती. पण ट्यूबलाइटवर बोट फिरवलं तर ते मेणचट झालं. पंख्याच्या पात्यांच्या कडांना तपकिरी झालर. माळ्यावरच्या स्टीलच्या डब्यांची झाकणं हाताला चिकटत होती. लहानपणी ऐकलेलं चिऊचं मेणाचं घर हेच असावं, असा एक पांचट विनोद मनात आला. काकू आधीच वैतागलेल्या, म्हणून गिळला.

गेले चार महिने फोडणी टाकली की धूर चिमणीच्या कडेने वर जाऊन छताला पसरत होता. काकांना खोकला. आदल्या आठवड्यात एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने चिमणी चालू केली, हात लावून बघितला, "ओढ नाही, मोटर वीक झालीय" म्हणाला आणि आकडा सांगितला. मुलगा बेंगळुरूला. त्याने व्हिडिओ कॉलवर निकाल दिला की ही टाकून ऑटोक्लीन घ्या. म्हणजे मी पोचेपर्यंत चिमणीवर दोन डॉक्टरांचं एकमत झालं होतं.

मी चिमणी तिन्ही स्पीडवर चालवून नुसता उभा राहिलो. काकूंना वाटलं मी वेळ काढतोय. पण मोटरचं पहिलं निदान कानाने होतं. मोटर कमजोर असली किंवा तिला जोर देणारा कपॅसिटर उतरला असला, तर ती घुमते, जड आवाज करते, वेग घ्यायला वेळ लावते. ही तसं काहीच करत नव्हती. उलट आवाज चढा होता, वरच्या पट्टीतला. पिठाच्या गिरणीत दळण संपत आलं की चक्कीचा सूर कसा वर जातो, तसा. चक्कीला दाणे नाहीत, ती मोकळी फिरतेय. चिमणीच्या ब्लोअरचे, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याचे, दाणे म्हणजे हवा. हवा पुढे सरकत असेल तर मोटरवर भार पडतो. वाट बंद झाली की तीच हवा जागच्या जागी घुसळली जाते, भार कमी होतो आणि मोटर जास्त जोरात पळते. म्हणजे जिला 'वीक' ठरवलं होतं, ती मोटर रिकामी पळत होती.

कानावर सगळं सोडायचं नाही म्हणून क्लॅम्प मीटर लावला, वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा. तो एकाच वायरीभोवती लावावा लागतो. त्यासाठी वायरी सुट्या केलेला वीतभर एक्स्टेन्शनचा तुकडा माझ्या पिशवीत असतोच. मोटरच्या स्टिकरवर १८० वॉट. पाऊण अँपिअरच्या आसपास काटा यायला हवा. मीटर अर्ध्यावर घुटमळत होता. मोटर म्हातारी होऊन जॅम झाली असती तर करंट वाढला असता. तो कमी दिसतोय, म्हणजे तिला काम मिळत नाहीये. का मिळत नाहीये, एवढंच शोधायचं राहिलं.

मग कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राचं एक पान घ्यायचं, मधल्या स्पीडवर फिल्टरला टेकवायचं आणि हात सोडायचा. चांगली चिमणी पूर्ण पान धरून ठेवते. इथे पूर्ण पान सोडा, पाव पानही गळून ओट्यावर पडलं. दोन्ही फिल्टर काढून उघड्या तोंडाशी तोच पाव तुकडा धरला. पुन्हा पडला. काकू बघत होत्या. "म्हणजे फिल्टरचा काही दोष नाही ना?" त्या आवाजात चार महिन्यांचा राग होता, कारण घरातले सगळे त्यांनाच म्हणत होते की तू नीट धूत नाहीस.

नाही, दोष फिल्टरचा नव्हता. निदान धूर न जाण्याचा तरी नव्हता.

प्लग काढला. स्विच बंद करण्यावर मी भागवत नाही, प्लग भिंतीतून बाहेर येऊन डोळ्यांना दिसला पाहिजे. चिमणीच्या डोक्यावर जिथे सहा इंची अॅल्युमिनियमचा पाइप बसतो, तिथली टेप कापून पाइप सुटा केला. आत प्लॅस्टिकच्या दोन झडपा असतात. हवा बाहेर जाताना उघडतात आणि चिमणी बंद असताना बाहेरचा वारा आत येऊ देत नाहीत. त्या कधीकधी तेलाने चिकटून बसतात. इथे त्या हलत होत्या. पाइप सुटा ठेवूनच प्लग लावला आणि चिमणी चालू केली. माळ्यावरची जुन्या मासिकांची चळत फडफडली, एक प्लॅस्टिकची पिशवी उडून फ्रिजवर गेली. ब्लोअर ठणठणीत. अडचण पाइपात किंवा पाइपाच्या पुढे.

पाइप माळ्यावरून जात होता. त्याच्या पोटावर एक पितळी घागर टेकलेली, रुखवतातली. तिथे पाइप दबून चपटा झाला होता. त्याच्या पुढे तो झोळीसारखा लोंबत होता, कारण बसवणाऱ्याने पट्टी एकच मारलेली. झोळीच्या तळात काळपट तेल साचलेलं. मी ते वाटीत उतरवलं, अर्धी वाटी भरलं. फिल्टर मोठे थेंब अडवतो. त्यातून निसटलेली तेलाची बारीक वाफ गार पाइपात जाऊन पुन्हा तेल होते आणि वळणावर, खोलगट जागी थांबते. एखाद्या दिवशी फोडणीचा भडका वर ओढला गेला असता तर ह्या अर्ध्या वाटीने काय केलं असतं, ते मी काकूंना सांगितलं नाही. काकांना बाजूला घेऊन सांगितलं.

पण घागर आणि झोळी मिळूनही एवढी ओढ मरत नाही. पाइप भिंतीतून बाहेर, मागच्या गॅलरीच्या ग्रिलमध्ये निघत होता. त्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी. ती फिरवून काढली आणि मागे जे दिसलं त्याकडे आधी मी, मग काका, मग काकू असे आळीपाळीने बघत राहिलो. पाइपाच्या तोंडाला मच्छरजाळीचा गोल तुकडा, दोऱ्याने घट्ट बांधलेला. ती जाळी आहे हे मला कडेच्या दोऱ्यावरून कळलं. जाळीचं भोक एकही दिसत नव्हतं. त्या जागी तपकिरी, जाड, ओलसर थर होता. गोणपाटावर गूळ सांडून वाळला की जसा दिसेल तसा. नखाने कोपरा उचलला तर अख्खा थर एका तुकड्यात सोलून आला, ओल्या पापडासारखा.

"ही मीच लावली होती," काका म्हणाले. दोन वर्षांपूर्वी टोपीत कबुतराने घरटं केलं होतं, दोन अंडी, काड्या, सगळा पसारा. पिल्लं उडून गेल्यावर काकांनी जागा साफ केली आणि पुन्हा कबुतर येऊ नये म्हणून खिडकीच्या जाळीतला उरलेला तुकडा बांधला. कबुतर आलं नाही. पण धूरही बाहेर जायचा थांबला, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. काकू ज्या दोन फिल्टरांना घासून आरसा करत होत्या, त्यांच्या पलीकडे एक तिसरा फिल्टर होता. तो फिल्टर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तो इतका लवकर का भरला याचा हिशेब सोपा आहे. ह्या चिमणीचे दोन्ही फिल्टर मिळून साधारण २४०० चौरस सेंटिमीटर भरतात. सहा इंची पाइपाचं तोंड १७७च्या आसपास. म्हणजे ओट्यावर जी हवा प्रशस्त वाटेने शिरते, तीच बाहेर पडताना तेरापट अरुंद दारातून घुसते. त्या दाराला बारीक जाळी लावली, वर तेलाची वाफ, बाहेरून शेजारच्या बांधकामाची धूळ. ओशट धाग्याला धूळ चिकटते, धुळीला तेल, तेलाला आणखी धूळ.

आधी फक्त जाळी काढली. पाइप तसाच चपटा, तसाच लोंबता. मुद्दाम, कारण कशाने किती फरक पडतो हे मला बघायचं होतं. पाइप परत जोडला आणि कागद लावला. अर्धं पान धरलं, मीटर ०.६च्या पुढे सरकला. मग घागर हलवली, जुना पाइप काढून टाकला आणि नवीन बसवला, ताठ, दोन पट्ट्यांवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. अॅल्युमिनियमचा जुना पाइप धुण्याच्या भानगडीत मी पडत नाही. त्याच्या वळ्यांत बसलेलं तेल निघत नाही आणि घासताना पत्रा फाटतो. नव्या पाइपाने पूर्ण पान धरलं आणि मीटर पाऊण अँपिअरवर. स्वयंपाकघराची खिडकी मात्र चार बोटं उघडी ठेवायला सांगितली. कबुतरांच्या धाकाने ती कायम बंद असायची, हॉलमध्ये एसी म्हणून दारही लोटलेलं. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी आत यायला वाट लागते, नाहीतर ती बिचारी बंद बरणीतून ओढत बसते. ज्यांच्या घरात गॅस गिझर आहे त्यांनी तर हे फार मनावर घ्यावं. बंद घरातली जोरदार चिमणी गिझरचा विषारी वायू उलटा घरात ओढू शकते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कबुतरांचं काय, हा काकांचा प्रश्न रास्त होता. अर्ध्या इंची चौकोनांची स्टीलची जाळी कापून टोपीच्या बाहेरून लावली. एवढ्या भोकातून कबुतर शिरत नाही आणि एवढं भोक तेलाने बुजत नाही.

आता काकूंच्या फिल्टरांकडे येतो, कारण त्यांच्या धुण्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या होत्या आणि एक चुकीची.

चिमणी घेतली तेव्हा तिला जाळीचे फिल्टर होते, अॅल्युमिनियमच्या बारीक जाळ्यांचे थर. काकूंनी ते पहिल्याच वर्षी धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवले. सकाळी फिल्टर काळे आणि पाण्याला बुडबुडे. पुन्हा दोनदा तेच केल्यावर जाळी हाताने चुरगळू लागली. अॅल्युमिनियमवर एक पातळ कवच असतं, ते कडक अल्कलीत विरघळतं. मग सोडा थेट धातूला खातो आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. कॉस्टिक सोड्यात हेच आणखी झपाट्याने होतं. तेव्हा जाळीच्या फिल्टराला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि फार तर चमचाभर खायचा सोडा, तोही पंधरा-वीस मिनिटं. त्यापुढे हट्ट करू नये.

२०२१मध्ये काकूंनी त्याच मापाचे स्टीलचे बॅफल घेतले. बॅफलमध्ये जाळी नसते. उलट्या-सुलट्या पन्हाळींची रांग असते. धूर आत शिरतो, त्याला लगेच वळावं लागतं, पुन्हा वळावं लागतं. हवा हलकी असते, ती वळते. तेलाचा थेंब जड असतो, तो वळू शकत नाही, पत्र्यावर आपटतो आणि ओघळून खाली येतो. रोज मोहरी तडतडवणाऱ्या घराला हाच फिल्टर योग्य, असं माझं मत. जाळीचा फिल्टर भरला की श्वास कोंडतो. बॅफल घाण झाला तरी वाट बरीचशी उघडी राहते.

स्टील सोड्याला घाबरत नाही, पण हात आणि डोळे घाबरतात. काकू एकदा कॉस्टिक वापरून बसल्या होत्या. मनगटावर डाग अजून आहे. स्टीलला खरी भीती संडास साफ करायच्या आम्लाची आणि ब्लीचची. त्याने स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि तिथून गंज धरतो. मी सांगितलेली पद्धत अगदी घरगुती. मोठं घमेलं, हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी, त्यात अर्धी वाटी खायचा सोडा आणि साबण, फिल्टर पूर्ण बुडवून अर्धा तास. मग जुना दात घासायचा ब्रश पन्हाळीच्या आत, लांबीच्या दिशेने. तारेच्या घासणीने चमक येते, पण ओरखडेही येतात आणि पुढच्या वेळी तेल त्याच ओरखड्यांत घर करतं.

राहतात ते पिवळे, टणक, गोंदासारखे डाग. हे नुसतं तेल नसतं. उष्णता आणि हवा लागून तेल घट्ट होत जातं, त्याचं वार्निश बनतं. लोखंडी तव्यावर वर्षानुवर्षांचं तेल बसून काळं कवच होतं, तीच जात. त्यावर साबण फारसा चालत नाही. इथे काकूंची युक्ती माझ्यापेक्षा सरस निघाली. माहेर देवरुखचं. त्यांनी डागावर कापसाने गोडं तेल लावलं, तासभर ठेवलं, मग साबणाने घासलं. अर्ध्याहून अधिक डाग निघाले. "फणस कापताना हाताला तेल लावतो की नाही? चीक तेलानेच सुटतो," त्या म्हणाल्या. चिकट पदार्थाला त्याच जातीचा पातळ पदार्थ सैल करतो, पाणी नाही. फार जुन्या वार्निशवर हेही चालत नाही, पण वर्ष-सहा महिन्यांच्या डागावर नक्की. लोक ह्या कामाला रॉकेल, पेट्रोल वापरतात. गॅसच्या डोक्यावर बसणारी वस्तू पेट्रोलने धुवायची, हे धाडस मला तरी जमत नाही.

चुकीची गोष्ट साधी होती. बॅफलच्या एका कडेला बारीक भोकं असतात, साचलेलं तेल तिथून तेलाच्या वाटीत उतरतं. काकूंनी धुऊन फिल्टर उलटे बसवले होते, भोकांची कड वर. तेल पन्हाळीत साचायचं आणि चिमणी तापली की मधूनच एखादा थेंब शेगडीवर पडून चुर्र व्हायचा. त्यांना वाटायचं पाल पडली. भोकांच्या कडेला मी परमनंट मार्करने 'खाली' असं लिहून दिलं. दुसरं, फिल्टर ओला बसवू नये. वरच मोटर आणि वायरी आहेत. उन्हात तासभर ठेवावा आणि आपटून पन्हाळीतलं पाणी झटकावं.

मुलाच्या ऑटोक्लीनबद्दलही बोलणं झालं. ऑटोक्लीन वाईट नाही. त्यात एक हीटर असतो. तो ब्लोअरभोवतीचं ताजं तेल तापवून पातळ करतो आणि वाटीत उतरवतो. पण त्याचा हात तिथेच संपतो. पाइप, टोपी, काकांची मच्छरजाळी, ह्यातलं काहीच त्याने साफ झालं नसतं. नवी चिमणी त्याच बुजलेल्या तोंडाला जोडली असती, तर आठवडाभरात नव्या चिमणीचीही मोटर 'वीक' झाली असती.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचे, याला एकच आकडा नसतो. चौघांच्या घरात महिन्यातून एकदा पुरतं. बावीस डब्यांच्या घरात पंधरा दिवस हीच ताणलेली मर्यादा. काकू म्हणाल्या, एकादशीला धुते. त्या दिवशी खिचडी आणि भगर, तळण काही नाही, ओटा दुपारीच मोकळा. महिन्यात दोन एकादश्या येतात, हिशेब आपोआप बसला. आषाढीला धुवायचे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विठोबा समजून घेईल. काकांनी कालनिर्णयावर दर तीन महिन्यांनी एका रविवारी 'टोपी' असं लिहून ठेवलं. फिल्टर त्यांच्याकडे नाही, टोपी त्यांच्याकडे.

पाइप, टेप, जाळी आणि माझी मजुरी मिळून बिल नव्या मोटरच्या एक तृतीयांशही झालं नाही. काकूंनी वर एक डबा दिला. वांग्याची भाजी होती.

अडीच महिन्यांनी एका संध्याकाळी फोन. "भाऊ, पान धरतंय, पण डावा कोपरा लोंबतोय. मोटर गेली का?"

मी विचारलं, आज एकादशी होती का.

"होती. सकाळीच धुतले. बसवले ह्यांनी." मागे भांड्यांचा आवाज, मग खट्. "थांबा हं." कागदाची सळसळ ऐकू आली. "धरलं पूर्ण. डावा फिल्टर खटक्यात बसलाच नव्हता हो." आणि फोन न ठेवताच, तोंड फिरवून, "अहो, ऐकलंत का?"